ओव्हलच्या काठावरचे हायकोर्ट

सरकारी बांधकाम मंजूर अंदाजापेक्षा कमी पैशांत पुरे झाले, असे कोणी सांगितले तर ऐकणारा आधी हसेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीचा हिशेब मात्र तसाच आहे. अंदाज होता १६,४७,१९६ रुपयांचा, खर्च आला १६,४४,५२८. सरकारी तिजोरीत २,६६८ रुपये परत. एप्रिल १८७१मध्ये काम सुरू झाले, नोव्हेंबर १८७८मध्ये संपले आणि १० जानेवारी १८७९ रोजी नव्या वास्तूत पहिल्यांदा कोर्ट भरले. मुख्य न्यायाधीश होते सर मायकेल वेस्ट्रॉप.

वाचलेल्या रुपयांची गोष्ट गमतीची आहे, पण या वास्तूचे खरे महत्त्व दुसरीकडे आहे. ज्या दोन न्यायव्यवस्थांचे एकमेकींशी विळ्याभोपळ्याचे सख्य होते, त्यांना एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या दालनांत बसवण्यासाठी ती बांधली गेली. ही दोन घराणी कोणती, हे समजल्याशिवाय ओव्हल मैदानासमोरच्या या दगडी पसाऱ्याचा अर्थ नीट लागत नाही.

पहिले घराणे राजाच्या न्यायाचे. मुंबई बेटावर इंग्रजी न्याय आला तो गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए यांच्या काळात. ऑगस्ट १६७२मध्ये मिरवणूक काढून, वाजतगाजत कोर्ट ऑफ ज्युडिकेचर सुरू झाले आणि जॉर्ज विलकॉक्स हे पहिले न्यायाधीश झाले. १७२८मध्ये मेयर्स कोर्ट आले, १७९८मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट आणि ८ मे १८२४ रोजी सुप्रीम कोर्ट. या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश इंग्लंडच्या राजाने नेमलेले, विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेले, विग-झग्यातले. त्यांचा अधिकार मुख्यतः मुंबई बेटापुरता. कोर्ट भरे अपोलो स्ट्रीटवरच्या हॉर्नबी हाउसमध्ये. कधीकाळी गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांचे हे राहते घर, गोदीच्या लायन गेटसमोर. हायकोर्ट तिथून हलल्यावर त्याच घरात ग्रेट वेस्टर्न हॉटेल थाटले गेले. ती इमारत आजही उभी आहे. समोरून जाणाऱ्या शंभरातल्या एखाद्यालाच तिची पूर्वपीठिका ठाऊक असेल.

दुसरे घराणे कंपनीचे. १८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि दख्खन, कोकण, गुजरात असा मोठा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला. त्या मुलखातल्या दिवाणी-फौजदारीसाठी जिल्हा अदालती होत्या, त्यांच्यावर सदर दिवाणी अदालत आणि सदर फौजदारी अदालत. इथे बसणारे न्यायाधीश बॅरिस्टर नव्हते; कलेक्टरीच्या नोकरीतून वर आलेले कंपनीचे मुलकी अधिकारी होते. कायद्याचा आधार माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२७मध्ये घालून दिलेल्या रेग्युलेशनांचा. हिंदू आणि मुसलमान पक्षकारांच्या वारसा-विवाहाच्या प्रश्नांवर शास्त्री आणि काझी यांचे मत घेण्याची रीत होती.

या दोन घराण्यांची ठिणगी उडाली पुण्यातल्या एका मुलावरून. १८२८मध्ये मोरो रघुनाथ नावाच्या अल्पवयीन मुलाला त्याचे पालक पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यातून आपल्यासमोर हजर करावे, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम सुप्रीम कोर्टाने काढला. कंपनी सरकारने तो मानायचे नाकारले. पुणे तुमच्या हद्दीत नाही, असे सरकारचे म्हणणे. राजाच्या प्रजेतला कोणीही कुठेही कोंडलेला असेल तर त्याला सोडवणे आमचे काम आहे, असे न्यायाधीशांचे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी न्यायाधीशांना सरळ पत्र लिहून आपली भूमिका कळवली. न्यायाधीशांना हा उर्मटपणा वाटला, आणि त्यात त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. दुर्दैव असे की, मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट यांचे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये निधन झाले होते, आणि ऑक्टोबरात सर चार्ल्स चेंबर्सही गेले. एकटे सर जॉन पीटर ग्रँट उरले. हुकूम पाळला जात नाही म्हटल्यावर त्यांनी एप्रिल १८२९मध्ये कोर्टालाच टाळे ठोकले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि तिथे ग्रँट हरले. राजाच्या कोर्टाचा हात पुण्यापर्यंत पोहोचत नाही, हे नक्की झाले.

पुढची तीस-बत्तीस वर्षे ही दुफळी अशीच चालली. १८५७च्या उठावानंतर कंपनीचे राज्य गेले आणि दोन वेगळी घराणी ठेवण्याचे कारणही संपले. १८६१चा इंडियन हायकोर्ट्‌स अॅक्ट, त्याखाली २६ जून १८६२चे लेटर्स पेटंट, आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईचे उच्च न्यायालय सुरू. पहिले मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस. पंधरा न्यायाधीशांची तरतूद होती, सुरुवात सातांवर झाली. कायद्याने न्यायाधीशांचीही वाटणी करून दिली होती. किमान एक तृतीयांश बॅरिस्टर, किमान एक तृतीयांश सनदी नोकरीतले. जुनी भांडणारी घराणी आता एका पाटावर बसली, पण प्रत्येकाने आपापले ताट राखून ठेवले. सुप्रीम कोर्टाचा वारसा ओरिजिनल साइडकडे, म्हणजे थेट दाखल होणाऱ्या खटल्यांकडे गेला, सदर अदालतींचा अपेलेट साइडकडे, म्हणजे अपिलांकडे. दीडशेहून अधिक वर्षांनी आजही मुंबईचा वकील आपली ओळख करून देताना कोणत्या साइडचा ते सांगतोच.

एकत्र कोर्ट आले, पण साजेशी जागा नव्हती. ती मिळण्याचा योग कापसाने आणला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा खेळू लागला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी फोर्टची जुनी तटबंदी पाडून टाकली आणि तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या कडेने सरकारी इमारतींची एक सलग रांग उभी करायचे ठरवले. १८६५मध्ये युद्ध थांबले, बाजार कोसळला, कित्येक शेठ भिकेला लागले. पण आराखडा टिकला. म्हणून दिवाळे निघाल्यानंतरच्या दशकात ओव्हलच्या काठी एकामागून एक इमारती चढत गेल्या. दक्षिणेला कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचे सचिवालय, मग विद्यापीठाचे पदवीदान सभागृह आणि राजाबाई टॉवर, मग हायकोर्ट, त्याच्या उत्तरेला सार्वजनिक बांधकाम खात्याची कचेरी. आज ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारती आणि त्यांच्या पलीकडे मरीन ड्राइव्ह आहे. तेव्हा तिथे रेल्वेचे रूळ आणि बॅक बेचे पाणी होते. हायकोर्ट समुद्राकडे तोंड करून बांधले गेले, हे ध्यानात घेतले की त्याच्या पश्चिम दर्शनी बाजूचा थाट समजतो. बोटीतून येणाऱ्यालाही साम्राज्याचा न्याय दिसला पाहिजे, असा तो हिशेब.

विद्यापीठाच्या इमारतींचे नकाशे लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी काढले. ते स्वतः मुंबईला कधी आलेच नाहीत. हायकोर्टाची गोष्ट वेगळी. त्याचे वास्तुरचनाकार जेम्स ऑगस्टस फुलर हे रॉयल इंजिनियर्स या फौजी पलटणीतले अधिकारी, मुंबईतच काम करणारे. तेव्हा कर्नल, पुढे जनरल. फौजी इंजिनियरांच्या हाती इतकी नाजूक कामे कशी सोपवली, असे आज वाटते. पण त्या काळी हिंदुस्थानातले रस्ते, धरणे, चर्च आणि कचेऱ्या या सगळ्यांत याच मंडळींचा हात होता. त्यांना पैशांचे गणित येत होते, हे तर वरच्या २,६६८ रुपयांवरून दिसतेच.

फुलर यांनी शैली निवडली ती गॉथिकमधली अर्ली इंग्लिश म्हणजे तेराव्या शतकातल्या इंग्रजी चर्चांची. टोकदार कमानी, उभट खिडक्या, उतरती छपरे. इमारतीची लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. मधला मनोरा १७५ फूट उंच. पश्चिमेच्या बाजूला मोठ्या कमानीचे प्रवेशद्वार आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी १२० फुटांचे अष्टकोनी बुरूज. त्यांच्या टोकांवर पांढऱ्या दगडाचे कळस आणि न्याय व दया यांच्या मूर्ती. या बुरुजांच्या पोटात न्यायाधीशांसाठी वेगळे गोल जिने काढले होते, म्हणजे साहेबांची आणि पक्षकारांची वाटेत गाठ पडायला नको. ही इमारत जर्मनीतल्या एखाद्या गढीसारखी आहे असे पुष्कळदा लिहिले जाते. लांबून पाहताना ते पटतेही. जवळ गेल्यावर मात्र ती अस्सल मुंबईची वाटू लागते, कारण तिच्या अंगाला इथल्याच काळ्या-निळ्या बसाल्टचा दगड आहे. सह्याद्री ज्या दगडाचा, तोच हा. बसाल्ट कठीण, त्यावर नाजूक कोरीव काम करायचे तर कारागिराचा जीव जातो. म्हणून जिथे नक्षी लागणार तिथे पोरबंदरचा मऊ, पिवळसर दगड वापरला. आरपार जाणारी मुख्य वाट कमानी घुमटांच्या छताची आहे आणि ती पोरबंदर दगडाचीच. या वाटेने पूर्वेकडच्या मोठ्या जिन्यापाशी पोहोचता येते.

विलायती शैली इथल्या हवेला जुळवून घेताना फुलर यांनी फार शहाणपणा दाखवला. इंग्लंडमधल्या गॉथिकला ऊन आत घ्यायचे असते, मुंबईच्या गॉथिकला ते बाहेर ठेवायचे. त्यामुळे दालनांच्या भोवती कमानीदार व्हरांडे फिरवले. जूनच्या पावसाची सर आली तरी ती व्हरांड्यातच अडते, आणि एप्रिलच्या उन्हात समुद्रावरचा वारा आत शिरतो. हे व्हरांडे इमारतीचे फुप्फुस तर आहेतच. वकिलांचे खरे कामही तिथेच चालते. तडजोडी तिथे ठरतात, अशिलांची समजूत तिथे घातली जाते, आणि आपल्या मॅटरचा पुकारा होईतो बोर्डाकडे डोळे लावून माणसे तिथेच उभी असतात.

मूळ मांडणीत पहिला आणि तिसरा मजला कचेऱ्यांना दिला होता आणि दुसऱ्या मजल्यावर न्यायदालने होती. ओरिजिनल आणि अपेलेट, दोन्ही साइडची. मोरो रघुनाथच्या खटल्यात एकमेकांचे हुकूम झुगारणाऱ्यांचे वारस आता एका जिन्याने वर चढू लागले. मधोमध, मुख्य वाटेच्या बरोबर वर, फौजदारी सत्रांचे मोठे दालन. सागवानी छत, गडद पॉलिश केलेल्या चौकटी, मध्ये कोरीव फूल. जमीन इटालियन मोझेकची. तिन्ही बाजूंनी प्रेक्षकांसाठी कोरीव सागवानी सज्जा. लोकांनी येऊन खटला पाहावा, अशी ही रचना. आज त्याला ४६ नंबरचे कोर्ट किंवा सेंट्रल कोर्ट म्हणतात. त्या सज्ज्यावर पुढे काय काय पाहायला मिळाले, ते येईलच.

त्याआधी माकडाचे सांगितले पाहिजे. खांबांच्या माथ्यांवर पानाफुलांत लपलेले प्राणी आहेत. त्यांत एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हातात तराजू धरलेले माकड आहे आणि वकिली बँड लावलेला कोल्हा आहे. एका पारशी कंत्राटदाराचा हाताखालच्या कामावरून इंग्रज कंत्राटदाराशी वाद झाला, तो कोर्टात हरला आणि त्याने आपला राग असा दगडात कोरून ठेवला, अशी दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गॉथिक इमारतींत असे चेष्टेखोर प्राणी कोरण्याची परंपरा युरोपातही जुनी आहे, त्यामुळे दंतकथेवर फार भार टाकू नये. तरीही ती टिकली, यात आश्चर्य नाही. एकतर्फी निकाल लागल्याची भावना मनात घेऊन बाहेर पडणाऱ्या पक्षकाराला ते माकड आपल्या बाजूचे वाटत असणार.

इतर प्रेसिडेन्सी शहरांशी तुलना केली तर मुंबईचा नंबर मध्ये लागतो. कलकत्त्याचे हायकोर्ट वॉल्टर ग्रॅनव्हिल यांनी बेल्जियममधल्या ईप्रच्या क्लॉथ हॉलवरून स्फूर्ती घेऊन बांधले, ते १८७२मध्ये पुरे झाले. मद्रासचे इंडो-सारासेनिक हायकोर्ट १८९२चे. लंडनमधली रॉयल कोर्ट्‌स ऑफ जस्टिसची प्रसिद्ध गॉथिक इमारत उघडली ती १८८२मध्ये, म्हणजे मुंबईचे हायकोर्ट वापरात आल्यानंतर.

इमारत उभी राहिली तेव्हा तिच्या उच्चासनांवर इंग्रजांचाच भरणा होता. जनार्दन वासुदेव यांना १८६४मध्ये हंगामी न्यायाधीश म्हणून बसायला मिळाले होते, पण कायम नेमणूक झालेले पहिले हिंदी न्यायाधीश नानाभाई हरिदास, १८८४मध्ये. त्यांच्या मृत्यूनंतर १८८९मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले. भगवद्‌गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारे, संस्कृतचे गाढे पंडित. ते १८९३मध्ये अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे, आणि १९०१मध्ये रानडे गेल्यावर नारायण गणेश चंदावरकर. एकाच खुर्चीवर एकापाठोपाठ एक अशी ही माणसे बसली. मराठी विचारविश्वाचा एवढा मोठा हिस्सा इतक्या कमी जागेत दुसरीकडे कुठे मावला असेल, असे वाटत नाही.

तेलंग वकील असताना एका खटल्यात त्यांनी बाजू मांडली, तो हायकोर्टाच्या इतिहासातला सर्वांत बोलका खटला म्हणावा लागेल. रुखमाबाई हिचे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लावले होते. मोठी झाल्यावर तिने नांदायला जायचे नाकारले. दादाजीने दाम्पत्यहक्काचा दावा लावला. सप्टेंबर १८८५मध्ये न्या. पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. मनाविरुद्ध एखाद्या स्त्रीला अशा लग्नात ढकलणे त्यांना मान्य नव्हते. अपिलात मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांनी तो फिरवला. मार्च १८८७मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम केला की तिने महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रुखमाबाईने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे दुभंगली, सुधारक एकीकडे, सनातनी दुसरीकडे. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा सोडला. ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि परत येऊन तिने सुरत, राजकोट इथे दवाखान्यांत आयुष्य घालवले. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यामागे या खटल्याने उठलेले वादळ होते.

ज्या दालनासाठी फुलर यांनी सज्जे कोरून घेतले, तिथे खरी गर्दी झाली ती लोकमान्य टिळकांसाठी. १८९७मध्ये राजद्रोहाचा पहिला खटला. जामिनासाठी न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्याकडे अर्ज गेला, तो फेटाळला गेला. मग बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे अर्ज केला आणि टिळक सुटले. खटला न्या. स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्यूरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. शिक्षा अठरा महिने. सरकारविषयी प्रेम नसणे म्हणजेच राजद्रोह, असा स्ट्रेची यांनी लावलेला अर्थ पुढे कित्येक वर्षे वकिलांच्या तोंडी टवाळीचा विषय झाला.

अकरा वर्षांनी, जुलै १९०८मध्ये, टिळक पुन्हा त्याच पिंजऱ्यात. या वेळी न्यायासनावर दिनशा दावर, ज्यांनी पूर्वी त्यांना जामीन मिळवून दिला होता तेच. जामिनासाठी उभे राहिले महंमद अली जीना. अर्ज नामंजूर झाला. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे केसरीतले लेख आरोपाचे मूळ. टिळकांनी वकील न देता स्वतःची बाजू स्वतः मांडली, तीही अनेक दिवस, एकवीस तासांहून अधिक. ज्यूरीतल्या सात युरोपियनांनी दोषी ठरवले, दोन पारशी सभासदांनी निर्दोष. २२ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास निकाल लागला. सहा वर्षे काळे पाणी. शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळक जे बोलले, त्याचा आशय असा की ज्यूरीने काहीही म्हटले तरी आपण निर्दोष आहोत आणि माणसांच्या कोर्टावरही एक सत्ता आहे. त्याच रात्री त्यांना खास गाडीने अहमदाबादकडे नेले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस संप केला. हिंदुस्थानातल्या कामगारांचा हा पहिला मोठा राजकीय संप.

१९१६मध्ये तिसऱ्यांदा प्रयत्न झाला. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून मोठ्या रकमेचा जामीनकतबा मागितला. हायकोर्टात जीना पुन्हा उभे राहिले आणि न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. इतिहास लिहिणारे १९०८च्या शिक्षेवर थांबतात आणि हा निकाल विसरतात. ते बरोबर नाही. एकाच इमारतीने एकाच माणसाला दोनदा शिक्षा ठोठावली आणि एकदा सोडले, हे तिन्ही मिळूनच सांगितले पाहिजे.

दरम्यान १९१०-११मध्ये विनायक दामोदर सावरकरांवरचे खटले चालले ते मुख्य न्यायाधीश सर बेझिल स्कॉट, न्या. चंदावरकर आणि न्या. हीटन यांच्या खास न्यायासनापुढे. दोन जन्मठेपी, मिळून पन्नास वर्षे. चंदावरकर १९००मध्ये राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. मार्च १९२०मध्ये महात्मा गांधी आणि महादेव देसाई यांना कोर्टाच्या अवमानाबद्दल समज देण्यात आली. गांधींना हे कोर्ट अनोळखी नव्हते. बॅरिस्टर होऊन परतल्यावर ते रोज इथे येऊन बसत आणि लांबलेले युक्तिवाद ऐकताना पेंगत, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

बारच्या बाजूनेही दोन घराण्यांची खूण दिसत राहिली. ओरिजिनल साइडवर काउन्सेलला पक्षकार थेट भेटत नसे. मध्ये सॉलिसिटर लागे. ही दुहेरी पद्धत कायद्यातल्या १९७६च्या दुरुस्तीनंतर अधिकृतपणे संपली. नव्या वकिलाला सॉलिसिटरकडून ब्रीफ मिळवणे दुर्घट, आणि जात आडवी आली तर त्याहून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन १९२३मध्ये या हायकोर्टात नाव नोंदवून उभे राहिले, ते अपेलेट साइडवर. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीही इथेच वकिली केली आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे प्रचंड खंड लिहिले. १९६३मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. आज हायकोर्टाचा टपाली पत्ता डॉ. काणे मार्ग असाच आहे. पश्चिमेच्या मेयो रोडला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव मिळाले. इंग्रजी गॉथिकच्या दोन्ही अंगांना आता दोन मराठी नावे. मिठन टाटा १९२४मध्ये इथे वकिली करू लागल्या, इथल्या पहिल्या स्त्री बॅरिस्टर. न्यायाधीशपदापर्यंत स्त्री पोहोचायला मात्र अर्धशतक लागले. सुजाता मनोहर १९७८मध्ये न्यायाधीश झाल्या आणि १९९४मध्ये मुख्य न्यायाधीश.

१५ ऑगस्ट १९४७पासून महंमदअली करीम चागला मुख्य न्यायाधीश झाले. पहिले कायम हिंदी मुख्य न्यायाधीश. पुढच्याच वर्षी शहरासाठी स्वतंत्र दिवाणी आणि सत्र न्यायालयाची सोय झाली, आणि सेंट्रल कोर्टाच्या सज्ज्याखालचे फौजदारी सत्र संपुष्टात आले. जुलै १९५६मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीला, चागला यांनी त्याच दालनाबाहेर टिळकांचे ते शब्द कोरलेला संगमरवरी फलक उघडला. एका कोर्टाने आपल्याच निकालाविरुद्ध आरोपीचे म्हणणे आपल्याच भिंतीवर लावावे, असे उदाहरण सहसा सापडत नाही.

हद्द मात्र पुन्हा पुन्हा बदलत राहिली. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले, विदर्भ आणि मराठवाडा आले. १ मे १९६० रोजी गुजरातला स्वतःचे हायकोर्ट मिळाले. नागपूरला आधीपासूनच हायकोर्ट होते, तिथे खंडपीठ राहिले. औरंगाबादचे खंडपीठ १९८१मध्ये सुरू झाले, पणजीचे १९८२मध्ये. कोल्हापूरच्या वकिलांची अनेक दशकांची मागणी ऑगस्ट २०२५मध्ये सर्किट बेंचच्या रूपाने पुरी झाली. मुंबईच्या मुख्य इमारतीत या काळात खटलेही बदलले. जानेवारी १९८२मध्ये न्या. बख्तावर लेंटिन यांच्या निकालानंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले. त्याच सुमारास फुटपाथवर राहणाऱ्यांच्या झोपड्या हटवण्याविरुद्धची दाद पहिल्यांदा याच हायकोर्टात मागितली गेली, आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांना संरक्षण मिळाले. ओल्गा टेलिस खटल्याची ती सुरुवात.

आता प्रश्न जागेचा आहे. १८६२मध्ये पंधरा न्यायाधीशांची कल्पना होती. आज मंजूर संख्या ९४ आहे. सगळे मुंबईतच बसत नसले तरी फुलर यांनी आखलेल्या दालनांत एवढे कोर्ट मावणे शक्य नाही. आवारात जोडइमारत झाली, व्हरांड्यांत फायलींची कपाटे आली. तळमजल्यावर २०१५मध्ये हायकोर्टाचे संग्रहालय उघडले. जून २०१८मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात ही इमारत आहे. वारसा म्हटले की भिंत पाडून दालन वाढवता येत नाही, हे वेगळे सांगायला नको. म्हणून वांद्रे पूर्वेला सरकारी वसाहतीच्या जमिनीवर नवे संकुल उभारायचे ठरले आणि सप्टेंबर २०२४मध्ये त्या कामाचा मुहूर्त झाला.

कोर्ट वांद्र्याला हलले की ओव्हलसमोरच्या दालनांचे काय करायचे, हा निर्णय नव्या इमारतीइतकाच गंभीरपणे घ्यावा लागेल. निदान काही न्यायदालने इथे चालू राहावीत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हॉर्नबी हाउसचे हॉटेल झाले तेव्हा तिथे पाऊण शतक चाललेल्या कोर्टाची आठवण शहरातून पार पुसली गेली. सेंट्रल कोर्टाच्या सज्ज्यावर पुन्हा माणसे बसायची असतील तर खाली बोर्ड लागला पाहिजे, पुकारा झाला पाहिजे. नुसत्या दोरीमागे ठेवलेल्या सागवानी खुर्च्या पाहायला लोक एकदाच येतात.